तीन सर्टिफिकेटं, सहा क्रेडिट आणि इलेक्टिव्हमध्ये भोपळा

दुसरी_पाळी (उद्यमबाग, बेळगाव)

नमस्कार मंडळी. विषय बहिणीचा आहे. तिला कॉलेजात परत विचारायला लाज वाटते, मला इथं विचारायला वाटत नाही, म्हणून मी लिहितोय.

ती बी.ई. कॉम्प्युटर सायन्सला, सहाव्या सेमला. गेल्या दोन सेममध्ये तिनं एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन शिकवणीचे, तीन कोर्स केले. जावा प्रोग्रॅमिंग १२ आठवड्यांचा, सॉफ्ट स्किल्स ८ आठवड्यांचा आणि डेटा सायन्ससाठी पायथन ४ आठवड्यांचा. बुधवारी रात्री असाइनमेंटची मुदत संपायची, म्हणून बुधवारी आमच्याकडं जेवणाला साडेनऊ-दहा ठरलेलेच. कोर्स फुकट, पण परीक्षेचे प्रत्येकी हजार. ते तीन हजार माझ्या ओव्हरटाइमचे. तिन्ही पास झाली. जावात ७८ मार्क पडले, सर्टिफिकेटवर 'एलिट, सिल्व्हर' आलं. आईनं तो कागद लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगलाय.

आमचा वहीतला क्रेडिटचा (डिग्रीसाठी अभ्यास मोजायचं माप) हिशोब असा: १२ आठवड्यांचे ३, ८ चे २, ४ चा १. झाले ६. एक ओपन इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) ३ क्रेडिटचा, म्हणजे दोन सुटले, सातव्या सेमला इंटर्नशिपला रान मोकळं. कॉलेजात गेली तर सांगितलं, यातला एकही इलेक्टिव्हमध्ये धरता येणार नाही. कारण विचारलं तर म्हणे नियमात बसत नाही. कुठला नियम, ते कोण सांगत नाही.

कॉलेजचं नाव घेत नाही, तिची अजून तीन सेम तिथंच जायची आहेत. पण हे बरोबर आहे का?

---

निपाणीकर

बरोबर कसलं ओ. यूजीसीचा नियम आहे, ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून (सरकारचं ऑनलाइन कोर्सांचं पोर्टल, एनपीटेलचे कोर्स त्यावरच असतात) करता येतात. आधी २० टक्के होते, २०२१ साली ४० केले. कॉलेजला आपल्या वर्गातली पोरं कमी होतात म्हणून पोटात दुखतंय. सरळ लेखी तक्रार ठोका.

---

मधला_बाक

तक्रार ठोकायच्या आधी जरा दम धरा. मी याच कामात आहे. बेळगावातल्याच एका कॉलेजात शिकवतो आणि आमच्याकडचं एनपीटेलचं खातं माझ्या गळ्यात आहे. दर सेमला असे पंधरा-वीस विद्यार्थी रडवेले होऊन माझ्या टेबलासमोर उभे राहतात, त्यामुळे तुमच्या बहिणीचा चेहरा मला न बघताही दिसतो.

निपाणीकर, ४० टक्के ही कमाल मर्यादा आहे. विद्यापीठाला 'इतक्यापर्यंत देऊ शकता' म्हणून मुभा दिली आहे, विद्यार्थ्याला हक्क दिलेला नाही. कुठले कोर्स घ्यायचे, कशाच्या जागी घ्यायचे हे ज्याची डिग्री तो ठरवतो, आणि तेही सेम सुरू व्हायच्या आधी.

दुसरी_पाळी, देव्हाऱ्याशेजारचा तो कागद खाली काढून नीट वाचा. क्रेडिटच्या जागी काय लिहिलंय? 'शिफारस केलेली क्रेडिट: ३ किंवा ४' अशा अर्थाची ओळ असेल. म्हणजे एनपीटेल स्वतः क्रेडिट देत नाही, शिफारस करतं.

दोन गोष्टी सांगा. कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवणारं, आहे का? आणि कोर्सला नाव घालायच्या आधी तिनं डिपार्टमेंटला काही अर्ज दिला होता का?

---

दुसरी_पाळी

सर, कागद काढला. आई रागावली, पण काढला. खरंच 'शिफारस' आहे ओ. इतके महिने रोज संध्याकाळी दिवा लावताना समोर होता, कोणी वाचला नाही.

कॉलेज ऑटोनॉमस आहे. अर्ज दिला नाही. हॉस्टेलच्या एका सीनिअर मुलीनं सांगितलं, कोर्स कर, सर्टिफिकेट आणून दे, काम झालं. म्हणून केलं.

---

मधला_बाक

त्या सीनिअर मुलीचं काम झालंही असेल, कारण तिची स्कीम, म्हणजे बॅचची अभ्यासक्रमाची नियमावली, वेगळी असणार. आपल्याकडं बॅच बदलली की स्कीम बदलते आणि सीनिअरचा सल्ला जुन्या वेळापत्रकासारखा होतो. गाडी असते, पण त्या वेळेला नसते.

आता एकेक कागद घेऊ.

जावा. चांगला कोर्स, मार्कही चांगले. पण तिनं कॉलेजात जावा कोअरमध्ये, म्हणजे सक्तीच्या विषयांत, शिकलेला असणार, बहुधा तिसऱ्या सेमला. इलेक्टिव्ह म्हणजे कोअरमध्ये नसलेलं काहीतरी जास्तीचं. तोच विषय दुसऱ्या दारानं आणला तर बोर्ड ऑफ स्टडीज (अभ्यासक्रम ठरवणारं मंडळ) म्हणतं, याचे क्रेडिट तुला एकदा दिलेत. त्यात ओपन इलेक्टिव्ह असेल तर तो दुसऱ्या शाखेचाच लागतो. कॉम्प्युटरच्या मुलीनं मेकॅनिकलचा, सिव्हिलचा, मॅनेजमेंटचा घ्यायचा. जावा तिथं कुठल्याच बाजूनं बसत नाही.

सॉफ्ट स्किल्स आणि पायथन. दोन नि एक मिळून तीन होतात, पण इलेक्टिव्हचा खण तीनचा असेल तर तो एकाच कोर्सानं भरायचा असतो. आमच्याकडं ८ आणि ४ आठवड्यांचे जोडून चालत नाहीत. म्हणून मी मुलांना सांगतो, इलेक्टिव्हसाठी करायचा असेल तर बारा आठवड्यांच्या खालचा कोर्स बघूच नका. आवडीनं करायचा तर चार आठवड्यांचा करा, खुशाल करा.

आणि तिसरं, अर्ज. हे तिन्ही कोर्स अगदी चोख बसत असते तरी आधी नोंद नसल्यानं अडकलेच असते.

---

निपाणीकर

आलं ध्यानात. हे आमच्या पासासारखं झालं म्हणायचं. मी कोल्हापूरला शिकायला होतो तेव्हा खिशात महाराष्ट्र एस.टी.चा पास. निपाणी स्टँडवर पुढं कर्नाटकची बस लागलेली असायची, जाणार त्याच रस्त्यानं, त्याच कोल्हापूरला. पण पास दाखवला की कंडक्टर म्हणायचा, इळी, इळी, उतर. पास खोटा नव्हता. गाडी त्यांची नव्हती.

---

मधला_बाक

अगदी तसंच. पुढच्या सेमला वर्गात हेच सांगणार आहे, तुमचं नाव न घेता.

---

भालकीचा_मास्तर (बीदर जिल्हा)

चर्चा इंजिनिअरिंगची चाललीय, तरी मध्ये तोंड घालतो. घोळ 'इलेक्टिव्ह', म्हणजे 'ऐच्छिक', या शब्दाचा आहे. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून हा शब्द जास्त टोचतो. ऐच्छिक म्हटलं की पोराला वाटतं, माझी इच्छा. इच्छा आहे, पण राइस प्लेटसारखी. दोन भाज्यांतली कुठली हवी ती सांगा. शेजारच्या हॉटेलातून वडा आणून ताटात ठेवलात आणि भाजीचे पैसे कमी करा म्हणालात तर मालक काय म्हणेल?

मी स्वतः इग्नूतून, म्हणजे दिल्लीच्या मुक्त विद्यापीठातून, बी.ए. केलं, नोकरी सांभाळून. तेव्हाच्या जनरल बी.ए.ला १३२ क्रेडिट होते. कोअर ७२, भाषा आणि पर्यावरणासारखे सक्तीचे ८, कौशल्याचे १६, आपल्या विषयाचे इलेक्टिव्ह २४ आणि बाहेरच्या विषयाचे जनरिक इलेक्टिव्ह १२. बेरीज करून बघा. म्हणजे इलेक्टिव्ह या एका नावाखाली दोन वेगळे डबे आणि एकातलं दुसऱ्यात ओतता येत नाही. माझे इतिहासाचे जास्तीचे पेपर झाले असते तरी ते १२ च्या डब्यात गेले नसते. त्यात इग्नूचा एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात, म्हणजे सहा क्रेडिटचा एक पेपर १८० तासांचा. डबा चुकला की इतके तास वाया. मी फॉर्म भरायच्या आधी कोर्सकोड पेन्सिलीनं लिहून आठ दिवस भिंतीवर लावले होते. बायको हसायची.

---

मलप्रभा_काठ (खानापूर)

मास्तर, तुमचे डबे आवडले. माझ्याकडं तीन मजले आहेत.

मी आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्स करतेय, दिवसा नोकरी, रात्री हे. त्यात पहिला मजला फाउंडेशन, आठ कोर्स, ३२ क्रेडिट. तिथं निवड नावाला नाही, सगळ्यांना तेच. मग दोन डिप्लोमे, प्रत्येकी २७. इथवर झाले ८६. त्यावर आणखी २८ केले की ११४ ला बी.एस्सी. घेऊन बाहेर पडता येतं आणि अजून २८ केले की १४२ ला बी.एस. खरे इलेक्टिव्ह या वरच्या मजल्यावर भेटतात.

एनपीटेलचे कोर्स इथंही धरतात, पण जास्तीत जास्त ८ क्रेडिट आणि तेही त्यांनी दिलेल्या यादीतलेच. सुरुवातीला माझा बेत होता की फाउंडेशन चालू असतानाच एनपीटेलचे चार-पाच उरकायचे आणि पुढं सगळे वटवायचे. रेल्वेत बसल्या-बसल्या नियमपुस्तिका वाचली आणि लोंढ्याला उतरेपर्यंत बेत रद्द. स्टेशनचा चहा पिऊन घरी आले.

दादा, बहिणीला सांगा, आधी किती खण रिकामे आहेत ते कागदावर काढ. प्रत्येक खणाला क्रेडिट किती, कुठल्या प्रकारचा. मग कोर्स शोध. आपण सगळे उलटं करतो, आवडलेला कोर्स करतो आणि मग खण शोधत फिरतो.

---

शहापूर_बाळू

मी काय म्हणतो, ते क्रेडिट बँक हाय नव्हं? एबीसी. पोरीचा आयडी काढला काय? त्यात घालून ठेवायचं की. सात वर्षं टिकतंय म्हणे. आमच्या भाच्याचं काढूलालोय मी, मोबाइल लिंक नाही म्हणून चार दिवस खेटे घालूलालोय.

---

मधला_बाक

बाळू, काढा, जरूर काढा. १२ आकडी आयडी असतो, डिजिलॉकरवरून निघतो आणि क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं राहतात, हेही खरं. पण बँक म्हणजे साठवणीची जागा. पैसे बँकेत असले म्हणून शेजारच्या दुकानदारानं तुम्हाला हवी ती वस्तू द्यावी असं थोडंच आहे? एकदा एका डिग्रीसाठी वटवलेले क्रेडिट दुसऱ्यांदा वटवता येत नाहीत, तेही लक्षात असू द्या. परवाच एक विद्यार्थी तोच कोर्स इलेक्टिव्हलाही आणि ऑनर्सलाही लावायला निघाला होता.

ऑनर्सचं निघालं म्हणून सांगतो. व्हीटीयूच्या (आपल्या बेळगावच्या तांत्रिक विद्यापीठाच्या) ऑनर्समध्ये नेहमीच्या क्रेडिटांवर १८ जास्तीचे क्रेडिट अशा ऑनलाइन कोर्सांतून मिळवायचे असतात. तिथं कोर्स इलेक्टिव्हची जागा घेत नाही, वरून भर पडते. त्यामुळं 'मोजतात का' एवढं विचारून भागत नाही, कशात मोजतात ते विचारावं लागतं.

---

तिलकवाडी_कट्टा

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे. माझा भाऊ इथल्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि आता त्याला सीमाभागाच्या कोट्यातून महाराष्ट्रात जायचंय. आमचं गाव त्या ८६५ गावांत येतं, दाखला आहे. इथं केलेले क्रेडिट तिकडं धरतील का?

---

मधला_बाक

तो कोटा प्रवेशापुरता आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला अर्ज करता येतो, फॉर्मवर त्याला एमकेबी म्हणतात. पहिल्या वर्षाला नव्यानं प्रवेश घेतला तर नव्यानंच सुरुवात. मधूनच जायचं असेल तर नवं विद्यापीठ दोन्हीकडचे अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून ठरवतं. क्रेडिटचा आकडा जुळला तरी विषय जुळत नाही आणि तो विषय पुन्हा करावा लागतो. भावाला जाण्याआधी पहिल्या वर्षाचा छापील सिलॅबस कॉलेजचा शिक्का मारून घ्यायला सांगा, नुसत्या मार्क्स कार्डावर कोण काही ठरवत नाही.

---

निपाणीकर

कर्नाटकात बी.ए., बी.कॉम. अशा डिग्रीवाल्यांचा घोळ तर आणखी निराळा. एनईपी, म्हणजे नवं शैक्षणिक धोरण, आलं २०२१ ला, ओपन इलेक्टिव्ह आले, चार वर्षांची डिग्री आली. २०२४ ला परत तीन वर्षं. माझ्या दोन पुतण्यांचं कॉलेज एक, कोर्स एक, पण थोरल्याचे नियम धाकट्याला लागू नाहीत. घरात पुस्तकं द्यायची-घ्यायची पण सोय राहिली नाही.

---

दुसरी_पाळी

सर, मग आमचे तीन हजार गेलेच म्हणायचे? आणि ते ७८ मार्क? परीक्षेला पहाटेच्या बसनं हुबळीला गेलो होतो आम्ही, ती आत नि मी बाहेर टपरीवर.

---

मधला_बाक

गेले असं म्हणू नका. जावा आणि पायथन तिच्या कामाचेच आहेत. मुलाखतीत एनपीटेलची परीक्षा केंद्रावर बसून दिलेली आहे याला किंमत असते. २५ मार्क असाइनमेंटचे, ७५ परीक्षेचे, आणि असाइनमेंटमध्ये १० नि परीक्षेत ३० नसतील तर सर्टिफिकेटच मिळत नाही. घरात बसून क्लिक करून मिळालेला कागद नव्हे तो.

दुसरं, एनपीटेलचं स्वतःचं डोमेन सर्टिफिकेट असतं. डेटा सायन्ससारखं एखादं डोमेन घ्यायचं, त्यातले कोअर कोर्स आणि त्याच डोमेनच्या यादीतले इलेक्टिव्ह ठरल्याप्रमाणे करायचे. पायथन तिथं कुठं बसतो का ते यादी उघडून बघा. सॉफ्ट स्किल्स तिथं नेऊ नका, तांत्रिक डोमेनमध्ये तो शोधून मिळायचा नाही. आणि हे डोमेन सर्टिफिकेट म्हणजे डिग्रीचा तुकडा नव्हे, त्याचं ते वेगळं.

तिसरं महत्त्वाचं. उरलेला इलेक्टिव्ह आठव्या सेमवर ठेवू नका. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिलच्या आसपास, मग निकाल, मग मार्क कॉलेजात, मग मार्क्स कार्ड. कुठं पंधरा दिवस मागं-पुढं झाले तर बाकी सगळं पास होऊन पोरगी एका ऑनलाइन कोर्सासाठी लटकते. मी बघितलंय. जुलैचं सत्र धरा.

---

मलप्रभा_काठ

आणि कोर्सला नाव घालणं वेगळं, परीक्षेचा फॉर्म वेगळा हेही सांगा सर. माझ्या मैत्रिणीनं बाराही असाइनमेंट केल्या, परीक्षेचा फॉर्म भरायचाच राहिला.

---

मधला_बाक

बाराही? बारातल्या चांगल्या आठच धरतात. बिचारी.

---

दुसरी_पाळी (नऊ दिवसांनी)

मंडळी, परत आलो. मंगळवारी पाळी बदलून घेतली आणि बहिणीसोबत कॉलेजला गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

तिथल्या मॅडमनी रजिस्टर काढलं. चालू सेमला कुठले ऑनलाइन कोर्स चालतील याची यादी डिसेंबरातच बोर्डावर लागली होती, शाखावार. आमच्या बाईसाहेबांनी ती यादी बघितली होती, पण त्यात जावा नाही बघून तिला वाटलं टाईप करायचं राहिलं असेल. यावर मी काय बोलणार? बाहेर येऊन दोघं हसलो.

माझी तक्रार एकच राहिली. पहिल्या दिवशी 'नियमात बसत नाही' म्हणण्याऐवजी ते रजिस्टर दाखवलं असतं तर मी इतकं तळतळलो नसतो. मॅडमना तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, दाखवलं असतं, ती विचारून लगेच पळाली. हे पण खरं असणार, मी ओळखतो तिला.

मलप्रभाताई, तुम्ही सांगितलं तसं खण काढले. एक ओपन इलेक्टिव्ह, ३ क्रेडिट, दुसऱ्या शाखेचा. एक प्रोफेशनल इलेक्टिव्ह (आपल्याच शाखेचा), पण तो वर्गातच करावा लागतो, ऑनलाइन चालत नाही. म्हणजे मुळात रिकामा खण एकच होता आणि आम्ही सहा क्रेडिट घेऊन उभे. जुलैच्या यादीतला मॅनेजमेंटचा १२ आठवड्यांचा एक धरलाय. फॉर्मवर यूएसएन (तिचा विद्यार्थी क्रमांक), कोर्सचं नाव, विभागप्रमुखांची सही, सगळं झालं.

जावाचा कागद आईनं परत जागेवर लावला. क्रेडिट नाही म्हणून सांगितलं तर म्हणाली, तुझ्या डिप्लोम्याला तरी कुठं चंदेरी शिक्का होता?

---

मधला_बाक

आईंना नमस्कार सांगा. फॉर्मची पोच घेतली का?

---

दुसरी_पाळी

आई गं. नाही ओ सर.

उद्या पहिल्या पाळीच्या आधी जातो.

---

शहापूर_बाळू

जाताना झेरॉक्स दोन काढा. आणि आमच्या भाच्याच्या आयडीचं काय ते पण विचारा की जरा तिथं.